फळ्यावरचा माणूस

बारकीला बारकी म्हणायचं कारण एवढंच, की ती घरातलं शेंडेफळ. एरवी तिच्यात बारकं असं काही नाही. ती हसली की शेजारच्या खोलीतलं तान्हं दचकतं, आणि इस्पितळाच्या चादरींची गाठोडी ती अशी उचलते की धुलाईघरातले गडी मुद्दाम बाजूला सरून उभे राहतात. मदतीला गेलं तर आपलीच शोभा व्हायची, हे त्यांना अनुभवाने कळलेलं. चाळिशीला टेकलेल्या या बाईला सगळं धुलाईघर बारकीच म्हणतं, आणि लेकीची स्वारी रंगात असली तर लेकसुद्धा.

धुलाईघराची गाडी ती कितीतरी वर्षं चालवत होती. सकाळी धुतलेल्या चादरी इस्पितळांत पोचवायच्या, मळक्या उचलायच्या, दुपार कलली की गाडी लावून घरी. कामात वास होता, पण धोका नव्हता. अलीकडे मात्र मालकाचा जावई रोज येऊन गाड्यांभोवती एक चक्कर मारायचा, टायरला बुटाने टोचून बघायचा आणि काही न बोलता निघून जायचा. मालक फाटक्या तोंडाचा होता, पण शिव्या देणारा माणूस परवडतो. हा जावई गाड्यांचं काम कंत्राटदाराला देणार, अशी कुजबुज चालू झाली होती, आणि तसं झालं तर बारकीची नोकरी गेलीच.

अशात एका सुट्टीच्या सकाळी आप्पा, म्हणजे तिचे वडील, कधी नव्हे ते इस्त्रीचा सदरा घालून आले. खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाले, “बारके, तुझं काम झालं.”

“कसलं काम?”

“युनियनचं. मालट्रक. कायमची नोकरी, म्हातारपणी पेन्शन, दुखलंखुपलं तर युनियनचा डॉक्टर. शनिवारी दुपारच्या आत जाऊन सही करायची, की सुटलीस.”

आप्पांचा चेहरा असा फुलला होता की बारकीला त्यांच्याकडे धड बघवेना. निवृत्त ड्रायव्हरच्या एका मुलाला किंवा मुलीला मालट्रकवर घ्यायचं, असा युनियनचा जुना नियम होता. तिच्या दादाने तो केव्हाच नाकारला होता. तो दूरच्या शहरात जाऊन टेबलामागे बसला आणि त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. बारकी आता वयाच्या अटीशी येऊन ठेपली होती. ही संधी हुकली की आप्पांचा हक्क संपला, आणि आप्पांकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

बारकीचा नवरा शिंपी. अर्धी खोली त्याच्या मशीनने आणि कापडांनी खाल्लेली. तो मशीन थांबवून म्हणाला, “अहो आप्पा, म्हणजे सोनंच की हे!” दहा वर्षांची भिंगरी तेव्हा भिंतीला पाय लावून उलटी उभी होती. तिला घरात सगळे भिंगरी म्हणायचे ते काही उगाच नाही. उलट्या तोंडानेच तिने विचारलं, “आई ट्रक चालवणार?”

“तुझी आई फळ्यावर जाणार,” आप्पा म्हणाले.

फळा म्हणजे काय ते या घरात समजावून सांगायला नको होतं, पण भिंगरीसाठी आप्पांनी सांगितलं. यार्डात ड्रायव्हरांच्या खोलीत एक मोठा लाकडी फळा आहे. त्यावर हुकांच्या रांगा आणि प्रत्येक हुकाला एकेका ड्रायव्हरच्या नावाची पत्र्याची पाटी. माल पोचवून परत आलं की पाटी तळाला. वरचे लोक निघत जातात तशी ती वर सरकते, आणि अगदी वर पोचली की घरी फोन. तो पहाटे येईल, भरल्या ताटावर येईल, कुणाच्या वाढदिवसाला येईल, फोनला काय त्याचं! तासाभरात यार्डात हजर व्हायचं. नाही म्हटलं तर पाटी पुन्हा तळाला, वर साहेबाची बोलणी. अशा माणसाला म्हणायचं ‘फळ्यावरचा’. आणि ज्याला ठरलेल्या रस्त्याची, ठरलेल्या वेळेची गाडी मिळाली, तो ‘बांधलेला’. जगात बांधून घ्यायला कुणाला आवडत नाही, पण यार्डात बांधलेल्या माणसाचा सगळे हेवा करतात. बांधलेली गाडी मोकळी झाली की ज्याची नोकरी सगळ्यांत जुनी त्याला आधी विचारतात. बाकीच्यांनी जीव टांगणीला लावून वाट बघायची.

“तुला कधी बोलावतील ते तुला आधी कळणार?” भिंगरीने आता सरळ उभी राहत बारकीला विचारलं.

“नाही.”

“मग मला कसं कळणार?”

आप्पा हसले, शिंप्याने मशीन चालू केलं, आणि बारकी चहा ठेवायला उठली.

आप्पांची सगळी नोकरी फळ्यावर गेली होती, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. “नशीबच फुटकं,” आई म्हणायची. “ह्यांच्या वरचे म्हातारे काही हटत नाहीत.” त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्यांना बारकीने लहानपणी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या. ती शाळेच्या शर्यतीत पहिली आली तेव्हा आप्पा कुठल्या तरी रस्त्यावर होते. दादाचा हात मोडला तेव्हा आईने एकटीने त्याला उचलून इस्पितळात नेलं. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा आप्पा फोन घेऊन इस्पितळाच्या जिन्यात उभे होते, आणि ती शुद्धीवर यायच्या आत फोन वाजलाच. आई जाऊन आता दोन वर्षं झाली होती. बारकीचा आप्पांवर राग नव्हता. राग होता तो फळ्यावर आणि त्या म्हाताऱ्यांवर. आप्पांनी तरी काय करायचं?

संध्याकाळी शिंपी म्हणाला, “घे नोकरी. मी घरातच असतो. भिंगरीकडे बघायला मी आहे की.”

“तू आहेस. मी नसेन, त्याचं काय?”

“काही वर्षांचा प्रश्न आहे. मग तुलाही बांधलेली गाडी मिळेल.”

“आप्पांना मिळाली?”

शिंप्याने दोरा दातांनी तोडला आणि विषय तिथेच सोडला. भला माणूस होता. बायकोपुढे कुठे हात टेकायचे ते त्याला बरोबर समजायचं.

खरं सांगायचं तर बारकीला ती गाडी हवी होती. पेन्शन, डॉक्टर, सगळं ठीकच होतं, पण त्याच्याही आधी तिला ती गाडी हवी होती. लहानपणी आप्पांनी एकदा तिला केबिनमध्ये उचलून बसवलं होतं. वरून दिसणारे लोकांचे टाळू, छत्र्या, दुकानांच्या छपरांवर पडलेल्या चपला अजून तिच्या डोळ्यांत होत्या. तिने अवजड गाडीचं लायसन्स काढून ठेवलं होतं आणि कशाला काढलं असं कुणी विचारलं की ती म्हणायची, “असू दे, पडून राहील.”

सही करण्याआधी एखादा दिवस जुन्या ड्रायव्हरबरोबर जाऊन काम बघून यायचं, अशी युनियनची रीत होती. गुरुवारी बारकीने धुलाईघरात अंग दुखत असल्याची थाप मारली आणि भल्या सकाळी यार्डात जाऊन उभी राहिली.

ड्रायव्हरांची खोली तिने ऐकली होती तशीच होती. लोखंडी कपाटं, बाकं, साखरेचा डबा टेबलाला साखळीने बांधलेला, आणि भिंतभर तो फळा. फळा सांभाळणारे साहेब टकलावरून हात फिरवत म्हणाले, “आप्पांची मुलगी ना? अगदी तशीच दिसतेस. मिशा सोडून.”

“बायकांसाठी स्वच्छतागृह आहे ना इथे?” बारकीने आधी महत्त्वाचं विचारून घेतलं.

“आहे तर! किल्ली माझ्याकडे असते.”

“आणि तुम्ही नसलात तर?”

“मग किल्ली माझ्याबरोबर माझ्या घरी असते,” साहेब जराही न लाजता म्हणाले.

बाकावरचे ड्रायव्हर हसले, तीही हसली. मग तिने फळ्याकडे बघितलं. दोन पाट्या वर होत्या आणि त्यांचे मालक घरी बसून फोनकडे बघत असतील, जेवत असतील, किंवा फोन येईल म्हणून जेवत नसतील. आपली पाटी कुठल्या हुकाला लागेल हे तिने नकळत शोधलं आणि स्वतःवरच चिडली.

तिला ज्याच्याबरोबर जायचं होतं तो लंबू. आप्पांहून लहान, पण निवृत्तीला आलेला, आणि खरोखरच इतका उंच की केबिनमध्ये गुडघे कुठे ठेवायचे हा त्याचा जन्माचा प्रश्न. त्याची गाडी बांधलेली होती. कागदाच्या गिरणीतून रिळं भरायची, छापखान्यांच्या गोदामात उतरवायची, संध्याकाळी सहाच्या आत घरी. ही बारकीने लहानपणापासून ऐकलेली गाडी. आई म्हणायची तशी, “सहाच्या आत घरी”वाली गाडी.

गिरणीत रिळं चढली. लंबूने पट्टे कसे ओढायचे, रीळ घसरू नये म्हणून पाचरी कुठे ठोकायच्या, सगळं दाखवलं. बारकीने एक पट्टा असा ओढला की तो म्हणाला, “बाई गं, कागद आहे तो, चोर नाही.” शहर मागे पडलं, रस्ता सरळ झाला, तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली आणि काही न बोलता खाली उतरून दुसऱ्या दाराने आत येऊन बसला.

बारकी स्टिअरिंगवर बसली. पहिला गिअर पडला, आणि मागचं सगळं वजन हळूच पुढे सरकलं तेव्हा तिला रडूच आलं. एवढं मोठं काही आपल्या हाताने चालतं, वळतं, थांबतं, हा आनंद धुलाईघराच्या गाडीत कुठला! लंबू बाजूला बसून शिट्टी वाजवत होता. तो शिट्टी वाजवतोय म्हणजे आपण बरी चालवतोय, हे तिने ओळखलं. गोदामाच्या फाटकाशी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं. घ्यायची नोकरी. भिंगरीला समजावू. काही वर्षांचाच तर प्रश्न आहे.

माल उतरत होता तेव्हा दोघं गोदामाच्या धक्क्यावर पाय सोडून बसली. लंबूने थर्मासमधून तिला चहा ओतून दिला.

“तुला एक सांगतो,” तो म्हणाला. “आज मी ह्या गाडीवर आहे तो तुझ्या आप्पांमुळे.”

“ते कसं?”

“ही गाडी मोकळी झाली तेव्हा नंबर त्यांचा होता. माझा त्यांच्या मागे. मी तर आशाच सोडलेली. पण ते आपण होऊन माझ्याकडे आले. म्हणाले, ‘तुझी पोरं लहान आहेत, तू घे. माझी मोठी झाली.’ असं कोण करतं गं? माझ्या दोन्ही पोरांना सायकल मी शिकवली. दोघांचा अभ्यास मी घेतला, म्हणजे मला येत होतं तोवर घेतला. बायको अजून आप्पांचं नाव काढते. देवमाणूस.”

बारकीने चहाचा कप खाली ठेवला.

“कधीची गोष्ट काका ही?”

“मोठ्या पुलाचं काम चाललं होतं बघ, त्या वर्षीची. पुढेही दोनदा दुसऱ्या गाड्यांसाठी विचारलं त्यांना, तरी नको म्हणाले. आम्ही म्हणायचो, ह्या माणसाला हाव म्हणून कसली ती नाहीच.”

पुलाचं काम बारकीला चांगलं आठवत होतं. नदीवर फळ्या टाकल्या होत्या आणि आईचा हात घट्ट धरून ती त्यांवरून शाळेत जायची. तिसरीत होती. पाण्याकडे बघायचं नाही, असं आई सांगायची आणि ती नेमकी पाण्याकडेच बघायची.

काका, मी तिसरीत होते हो, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण त्या लांबलचक माणसाच्या चेहऱ्यावर इतकी कृतज्ञता होती, की ती मूग गिळून बसली. ज्या संध्याकाळींबद्दल ती होती त्या बारकीच्या घरातून उचलून त्याच्या घरात गेल्या होत्या, आणि त्याला बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. परत येताना त्याने किल्ली पुढे केली तर ती म्हणाली, “तुम्हीच चालवा काका. दमले मी.”

यार्डातून ती सरळ आप्पांकडे गेली. आप्पा तिच्याच गल्लीत, पलीकडच्या इमारतीत एका खोलीत राहायचे. दार उघडंच होतं. टेबलावर कातडी हातमोजे ठेवलेले, नवे कोरे, दुकानाची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

“घालून बघ,” आप्पा उठत म्हणाले. “बायकांचे नव्हते त्याच्याकडे. पण तुझे हात माझ्यावर गेलेत. कसा होता दिवस? लंबूने चालवायला दिली की नाही?”

“आप्पा, ती गाडी तुम्ही लंबूकाकांना दिलीत?”

आप्पा होते तसे अर्धवट उठलेले राहिले. मग हळूच बसले.

“सांगितलं होय त्याने. कुठे बोलायचं नाही म्हटलं होतं त्याला.”

“मी तिसरीत होते. दादा सहावीत. आम्ही कुठे मोठी झालो होतो?”

आप्पांनी टेबलावरचे हातमोजे जवळ ओढले.

“आईला माहीत होतं?”

“नाही.”

“नाही!” बारकीचा आवाज चढला. “मरेपर्यंत ती त्या म्हाताऱ्यांना नावं ठेवत होती, आप्पा. तुमच्या वरच्या. आणि वर कुणी नव्हतंच! तुम्ही तिथे बसून ऐकायचात आणि वर मान डोलवायचात. मीसुद्धा जन्मभर फळ्याला शिव्या दिल्या. लोकांच्या पोरांना सायकल शिकवायला त्यांच्या बापाला वेळ द्यायचा होता तुम्हाला, आमच्यासाठी नव्हता?”

इतकं ती आप्पांना कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिचं तिलाच भरून आलं, पण शब्द मागे घ्यावेत असं मात्र वाटलं नाही. आप्पा हातमोज्यांचा एकेक अंगठा सरळ करत बसले होते.

“मी आधी करून बघितली होती ती गाडी,” ते म्हणाले. “तिच्यावरचा ड्रायव्हर पडला, त्याचा पाय मोडला. महिनाभर मी बदलीवर होतो. रोज सहाच्या आत घरी. तुला नसेल आठवत.”

“आठवतं. चांगला आठवतो तो महिना.”

“मग हेही आठवत असेल. मी जिना चढायचो तेव्हा आतून तुमच्या हसण्याचा आवाज यायचा. दारात पाऊल टाकलं की सगळं बंद. तू आणि दादा कोपऱ्यात तोंडं मिटून. तुझी आई भांड्याला भांडं लागू द्यायची नाही. मी काही विचारलं तर तुम्ही नुसत्या माना हलवायचात. म्हटलं, सवय नाही, बिचकली असतील पोरं. होईल ठीक. पण महिनाभर तेच. जेवायला बसलो तर माझ्या घास चावण्याचा आवाज मला ऐकू यायचा.” त्यांनी हातमोजे बाजूला सारले. “मग मला कळलं ते. ह्यांचं माझ्यावाचून बरं चाललंय. मी आलो की घरात परका माणूस येतो. फळ्यावर निदान माझी पाटी तरी होती. माझ्यावाचून तिथे अडायचं. म्हणून लंबूला म्हटलं, तू घे.”

बारकी त्यांच्याकडे बघतच राहिली.

“आप्पा, अहो, ते आम्हाला वळण लावलेलं होतं.”

“कसलं वळण?”

“तुम्ही घरात असलात की आवाज करायचा नाही, असं. तुम्ही रात्रभर गाडी चालवून यायचात, दिवसा झोपायचात. आई म्हणायची, आप्पांची झोप मोडायची नाही, त्यांच्या हातात केवढी मोठी गाडी असते. झोप झाली नाही तर काय होईल ते ती सांगायचीसुद्धा नाही, नुसती गप्प व्हायची. आम्ही रांगत होतो तेव्हापासून हेच. आप्पा आले की टाचा उचलून चालायचं. आप्पा आले की कुजबुजायचं. तुम्ही घरात असणं म्हणजे गप्प बसणं, दुसरं काही आम्हाला ठाऊकच नव्हतं! तुम्ही रोज संध्याकाळी यायला लागलात तर आम्ही आणखीच गप्प बसलो. दादा मला चिमटे काढायचा, हसू नकोस म्हणून. आम्हाला वाटायचं, आवाज केला तर तुम्ही परत फळ्यावर जाल.”

तिचे डोळे वाहायला लागले होते आणि तिने ते पुसले नाहीत.

“आणि तुम्ही गेलातच.”

आप्पांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले. आधी ते काही तरी हसण्यासारखं करू बघत होते, ते जमलं नाही.

“कुणी एक शब्द बोलायचं की गं,” ते म्हणाले.

“तुम्ही एकदा विचारायचं.”

आई असती तर तिने दोघांनाही फैलावर घेतलं असतं आणि मग आत जाऊन रडली असती. पण ती नव्हती, आणि ज्या म्हाताऱ्यांवर तिने आयुष्यभर खापर फोडलं ते कधी नव्हतेच, हे तिला सांगायलाही आता कुणी जाऊ शकत नव्हतं. बारकीला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटलं. रागवायचं तर कुणावर? आईने प्रेमानेच गप्प बसवलं होतं, पोरं प्रेमानेच गप्प बसली होती, आणि या माणसाने त्याच गप्प बसण्याचा मान राखून आपलं चंबूगबाळं उचललं होतं.

“मग शनिवारचं काय?” आप्पांनी शेवटी विचारलं.

“नाही घेत मी.”

“माझ्यावरचा राग नोकरीवर काढू नकोस. चांगली नोकरी आहे, बारके.”

“चांगलीच आहे. आज चालवली ना मी. गाडी हलली तेव्हा रडू आलं मला, आनंदाने. तिथेच तर भीती वाटते. उद्या मला बांधलेली गाडी देऊ केली आणि मी म्हटलं, नको, माझी पोरगी मोठी झाली, तर?”

“तू नाही म्हणायचीस असं.”

“तुम्हाला तरी वाटलं होतं का, तुम्ही म्हणाल म्हणून?”

आप्पांनी मान खाली घातली. “धुलाईघरातून काढलं तर काय करशील?”

“बघू. काहीतरी चालवीन. पण रोज संध्याकाळी परत येणारं चालवीन.”

हातमोजे तिने आप्पांसमोर हातांत घालून बघितले. अगदी बरोबर बसले. मग तिने ते काढून, सरळ करून टेबलावर ठेवले, आणि आप्पा म्हणाले, “दुकानदार परत घेईल. ओळखीचा आहे.”

शनिवारी युनियनचं ऑफिस बंद व्हायच्या वेळेला बारकी इस्पितळाच्या मागच्या दाराशी मळक्या चादरी भरत होती. आतून नर्सने हाक मारून विचारलं, किती वाजले गं? तिने सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा आवाज फाटला. परत येताना चौकात एक मालट्रक तिच्या शेजारी येऊन थांबला. वरचा ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकवून कुठेतरी दूर बघत होता, त्याला खालची ही टिचभर गाडी दिसलीसुद्धा नसेल. दिवा हिरवा झाला, ट्रक निघून गेला, आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले तरी बारकीची गाडी हलली नाही. आपण बरोबर केलं असं तिला वाटत होतं. आपण फार मोठं काही गमावलं असंही तिला तेवढंच वाटत होतं, आणि हे दुसरं वाटणं आता जन्मभर सोबत राहणार हे तिने कबूल करून टाकलं.

संध्याकाळी आप्पा जेवायला आले. तिने निक्षून बोलावलं होतं. “उगाच तुम्हाला अडचण,” ते म्हणाले होते. “आमच्याकडे आवाज फार असतो, तेवढा सोसा,” ती म्हणाली होती. आणि आवाज होताच. शिंप्याला एक काम सोमवारच्या आत द्यायचं होतं म्हणून मशीन खडखडत होतं, टीव्हीवर कुणीतरी गोल केल्यामुळे हजारो लोक ओरडत होते, आणि भिंगरी शाळेतल्या एका भांडणाची हकिकत सगळ्यांच्या आवाजात, वेगवेगळी पात्रं करून सांगत होती. आप्पा जेवले. दोनदा हसले. तिसऱ्यांदा भिंगरीने त्यांना कुठली बाजू बरोबर असं विचारलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचार करून चुकीची बाजू निवडली, आणि तिने त्यांना चांगलंच झापलं.

जेवणं झाल्यावर ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांची मान छातीवर आली आणि डोळे मिटले.

भिंगरीने ते बघितलं. वाक्य अर्धं सोडून तिने ओठांवर बोट ठेवलं. शिंप्याने मशीनच्या पॅडलवरून पाय काढला. भिंगरीने टाचा उचलून जाऊन टीव्हीचा आवाज अगदी बारीक केला. या पोरीला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि एका क्षणात खोली शांत झाली.

“वाढव तो आवाज,” ती म्हणाली. “आणि तू मशीन चालू कर. चालू दे सगळं.”

“अगं आई, पण आजोबा झोपलेत!” भिंगरी कुजबुजली.

“झोपलो नाहीये,” आप्पा डोळे न उघडता म्हणाले. भिंगरी खुदकन हसली. बारकी जवळ गेली आणि त्यांच्या खुर्चीशी खाली बसली, तेव्हा ते फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू बोलले.

“तेव्हाही बऱ्याचदा झोपलेलो नसायचो. नुसते डोळे मिटून पडायचो. उघडले, की तुम्ही कुजबुजायचंसुद्धा थांबायचात.”